धडधड परत कधी आली, ते आधी सांगा

हृदयाचं अ‍ॅब्लेशन (ठोक्यांचा बिघडलेला ताल नीट करायला नळीतून होणारा उपचार) करून माणूस पुण्याहून नाहीतर मुंबईहून कोल्हापूरला परत येतो. आठ-दहा दिवस बरे जातात. मग एका पहाटे छातीत कालवाकालव होऊन जाग येते, मनगट धरून बघावं तर ठोके पुन्हा वेडेवाकडे. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘पैसे पाण्यात गेले.’ बहुतेकदा ते गेलेले नसतात. हीच धडधड आठव्या दिवशी आली तर तिचा अर्थ एक, आठव्या महिन्यात आली तर दुसरा. हा फरक कळायचा तर सूज समजून घ्यावी लागते. डॉक्टर तिला दाह म्हणतात.

आधी आजाराबद्दल, थोडक्यात. एट्रियल फिब्रिलेशन हे त्याचं नाव, रोजच्या बोलण्यात एएफ. निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातली एक गाठ मिनिटाला ६० ते १०० इशारे देते आणि सगळं हृदय त्या तालावर चालतं. एएफमध्ये वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विजेच्या लाटा उसळत असतात. कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात. मधली एव्ही गाठ त्यातल्या थोड्याच लाटा खाली सोडते, म्हणून खालचे कप्पे १००-१७० वर थांबतात, पण कसलाही ताल न धरता. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, त्यातही डाव्या कप्प्याला कानासारखी चिकटलेली जी पिशवी असते तिच्यात जास्त. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली की अंगावरून वारं जातं. एएफची खरी भीती ही आहे. धडधडीचा त्रास होतो, पण जीव सहसा ती घेत नाही.

या लाटांना काडी कोण लावतं, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी ४५ रुग्णांत शोधून काढलं. फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात साधारण चार शिरा येतात. त्यांच्या तोंडाशी हृदयाच्या स्नायूची बाही आत गेलेली असते आणि बहुतेक भलते ठोके तिथूनच सुटत होते. आजचं अ‍ॅब्लेशन याच शोधावर उभं आहे. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा सुईने टोचून डावीकडे जायचं आणि प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती मेलेल्या पेशींचं एक कडं तयार करायचं. हे कडं रेडिओलहरींच्या उष्णतेने करता येतं, गार फुग्याने गोठवून करता येतं, किंवा अलीकडच्या पल्स्ड फील्ड पद्धतीने विजेच्या अत्यंत अल्पकाळाच्या झटक्यांनी. मेलेल्या पेशींतून वीज जात नाही. म्हणजे शिरेतला गोंधळ शिरेतच राहतो.

ओला बांध

उसाला पाणी पाजताना दारं मोडून बांध घालणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. ओल्या चिखलाने बांध लिंपला की पाणी लगेच थांबतं. पण ते थांबलं आहे मातीमुळे की नुसत्या चिखलाच्या ओलीमुळे, हे चार दिवसांनी कळतं. चिखल वाळतो, आक्रसतो, आणि कमी दाबलेल्या जागी भेग पडते.

हृदयात तसंच घडतं. भाजलेल्या किंवा गोठवलेल्या जागेच्या मधोमध पेशी मरतात, पण कडेच्या पेशी फक्त दुखावतात आणि सुजतात. सुजलेली पेशी तात्पुरती वीज वाहून नेत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर तपासलं तर कडं पूर्ण बंद दिसतं. त्यासाठीच डॉक्टर शेवटचा बिंदू झाल्यावर साधारण २० मिनिटं थांबून पुन्हा तपासतात, कधी अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध देऊन झोपलेली वाट जागी होते का बघतात. तरीही काही फटी सूज उतरल्यावरच उघडतात. पेशी सावरतात, वीज पुन्हा वाहू लागते, आणि चार-सहा महिन्यांनी एएफ परत येतं.

हे झालं उशिरा परतणं. लवकरच्या परतण्यात सुजेची भूमिका नेमकी उलटी असते. तिथे ती बांध नसते, आग लावणारी असते.

मेलेल्या पेशींचा राडा साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ही रसायनं शेजारच्या चांगल्या पेशींनाही चिडवतात. पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा गळू लागतो आणि पेशी वेळेआधीच ठोका देते. पेशी-पेशींना जोडणारे कनेक्सिन नावाचे दुवे विस्कळीत होतात, त्यामुळे लाट सरळ न जाता गोल फिरायला लागते. त्यात हृदयाच्या पाठीवरचे मज्जातंतूंचे पुंजकेही भाजले गेलेले असतात. हृदयाला संथ ठेवणारे तंतूच त्यात जास्त असल्याने बसल्या जागची नाडी आधीपेक्षा १०-१५ ने वाढते आणि काही महिने तशीच राहते. नाडी जलद पण एकसारखी असेल तर ते एएफ नव्हे. हे आधी सांगितलं गेलं तर कितीतरी फोन वाचतील.

ही सूज उतरायला आठवडे लागतात. म्हणून अ‍ॅब्लेशननंतरचे पहिले तीन महिने निकालात धरायचे नाहीत असा संकेत बरीच वर्षं होता. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने तो दोन महिन्यांवर आणला. या काळात एएफ आलं तर गोळ्या देतात, लागलं तर शॉक देऊन ताल जागेवर आणतात, पण ‘अ‍ॅब्लेशन फसलं’ असं लिहीत नाहीत. मात्र हा काळ म्हणजे माफीचा काळ नव्हे. या दिवसांत धडधड झालेल्या अनेकांना पुढे ती होतच नाही, पण अजिबात न झालेल्यांपेक्षा त्यांचा धोका जास्तच राहतो. पहिल्या आठवड्यापेक्षा सातव्या-आठव्या आठवड्यातली धडधड जास्त गंभीरपणे घ्यावी, कारण तोवर सूज बरीच ओसरलेली असते.

आग आधीपासूनची

दाह फक्त उपचारानेच येतो असं नाही. १९९७ मध्ये रोमच्या डॉक्टरांनी, दुसरा कुठलाच हृदयविकार नसलेल्या १२ एएफ रुग्णांच्या वरच्या कप्प्याचा बारीक तुकडा तपासला. आठजणांत स्नायूच्या दाहाच्या खुणा होत्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने दाखवलं की एएफ असलेल्यांच्या रक्तात सीआरपी हे दाहाचं प्रथिन जास्त असतं. हृदयाच्या उघड्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनातल्या एकाला एएफ होतं, तेही दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे सूज शिगेला असताना. बायपास झालेल्याच्या नातेवाइकांनी हे डोक्यात ठेवावं. त्या तिसऱ्या दिवसाच्या एएफचा अर्थ बायपास बिघडलं असा नसतो.

उलट दिशाही खरी. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त इथे १९९५ मध्ये शेळ्यांवर प्रयोग झाला. यंत्राने पुन्हा पुन्हा एएफ सुरू करत राहिल्यावर ते थांबायला दरवेळी जास्त वेळ घेऊ लागलं, शेवटी बहुतेक शेळ्यांत थांबेनाच. एएफमधूनच एएफ जन्मतं. मिनिटाला शेकडो वेळा चेतवल्या जाणाऱ्या पेशीत कॅल्शियम साचतं, पेशीतली धोक्याची घंटा वाजते (तिचं नाव एनएलआरपी-३ इन्फ्लेमासोम; एएफच्या रुग्णांच्या पेशींत ती जास्त जागी असल्याचं २०१८ मध्ये दिसलं) आणि दाहाची रसायनं बाहेर पडतात. दाह फार दिवस राहिला की शरीर तिथे स्नायूऐवजी धाग्यांचं घट्ट जाळं विणतं. त्याला फायब्रोसिस म्हणतात.

पंचगंगेचा पूर ओसरतो, पण प्रत्येक पुरामागे गाळाचा एक थर राहतो. फायब्रोसिस हा तो थर. सूज उतरते, हा उतरत नाही. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅब्लेशनच्या आधी एमआरआय करून वरच्या डाव्या कप्प्यात हा थर किती आहे ते मोजलं. दहा टक्क्यांहून कमी असलेल्यांत जवळपास ११ महिन्यांत १५ टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, तीस टक्क्यांहून जास्त असलेल्यांत ५१ टक्के लोकांना. ‘गोळीवर भागतंय तोवर भागू दे’ म्हणून वर्षानुवर्षं ढकलत राहणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत.

नुसत्या शॉकची गोष्ट याहून सरळ आहे. छातीवर पट्ट्या लावून, गुंगी देऊन १२० ते २०० ज्यूलचा झटका देतात. सगळ्या पेशी एकदम गप्प होतात आणि मूळची गाठ पुन्हा ताबा घेते. पण काडी लावणारी जागाही तिथेच असते, दाहही आणि गाळही. म्हणून नुसत्या शॉकनंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांत एएफ परतलेलं दिसतं.

मग सूज उतरवणारी गोळी का देत नाहीत?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि डॉक्टरांनाही तो पडला होता. ग्रीसमध्ये २०१२ साली अ‍ॅब्लेशननंतर तीन महिने कोल्चिसिन (वातरक्ताच्या दुखण्यावरची जुनी गोळी) रोज दोनदा देऊन बघितली. लवकरचं परतणं ३३.५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. सगळ्यांना आशा वाटली. नंतर कॅनडातल्या चाचणीत ती दहाच दिवस दिली, तर ना एएफ कमी झालं, ना छातीतलं दुखणं. जुलाब मात्र वाढले. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियांनंतरच्या २०२३ मधल्या मोठ्या चाचणीतही एएफ लक्षणीय कमी झालं नाही. स्टेरॉइडने पहिले काही दिवस-आठवडे शांत जातात, पुढचा फायदा पक्का दिसत नाही, आणि मधुमेह्याची साखर चढते ती वेगळीच. डेन्मार्कमध्ये तर दाह बाजूला ठेवून, ताल धरून ठेवणारी अमिओडॅरोन आठ आठवडे दिली. त्या काळात शॉकची आणि दवाखान्यात भरतीची वेळ कमी आली, पण सहा महिन्यांनंतरचा निकाल जवळपास तोच.

सुरुवातीची आग विझवली तरी बांधातली भेग आणि तळातला गाळ तिथेच असतात. आमच्या मते म्हणूनच या गोळ्यांना सरसकट जागा मिळाली नाही. काही निवडक रुग्णांना, उदाहरणार्थ हृदयाच्या आवरणाला सूज येऊन छाती दुखत असेल तर, डॉक्टर कोल्चिसिन देतात आणि ते योग्यच. पण मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा डिल्टियाझेम, व्हेरापामिल, क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर तीच गोळी रक्तात साचून विषारी ठरू शकते.

मोठा धोका मात्र वेगळाच आहे. ‘सूज’ हा शब्द ऐकला की माणूस औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन आणतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हे करू नका. पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो. गुडघेदुखी किंवा तापासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. हळद-आल्याचे काढे आणि कॅप्सूल वॉरफरिनसोबत (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) घेऊ नयेत. भाजीतली हळद वेगळी आणि चमचाभर अर्क वेगळा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल इथेच बोलून घेऊ. अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने आणि शॉकनंतर किमान चार आठवडे ती सहसा कुणालाच टळत नाही. शॉकने ताल लगेच जागेवर येतो, पण सुन्न झालेला कप्पा जोराने आवळायला काही आठवडे घेतो. ईसीजी छान आणि कप्प्यात रक्त साकळलेलं, असं होऊ शकतं. पुढे ती चालू ठेवायची का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा यांवर ठरतं. धडधड थांबली यावर नाही. रिव्हरॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला ती काय करायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. डाबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून किंवा चावून खाऊ नये.

लहानपणी घसा-सांधे दुखून तापाचा आजार झाला होता आणि आता मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकुंचली आहे, असे रुग्ण आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. संधिवाताचा तो ताप म्हणजेही दाह. घशातल्या जंतूंवर उठलेली प्रतिकारशक्ती झडपेवर उलटलेली. अशांना रिव्हरॉक्साबॅन, डाबिगॅट्रान अशा नव्या गोळ्या नव्हे, वॉरफरिनच. २०२२ मधल्या चाचणीत या रुग्णांत वॉरफरिन रिव्हरॉक्साबॅनपेक्षा सरस ठरलं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा, पालेभाजी बंद करायची नाही, पण रोज सारखी खायची. आठवडाभर काही नाही आणि बाजारच्या दिवशी मेथीची जुडी, असं नको. अमिओडॅरोन सुरू झाली की आयएनआर वर चढतो, तेव्हा तपासणी लवकर करून घ्यावी.

रोजचा दाह कुठून येतो

गोळीने जमलं नाही ते काही प्रमाणात वजनाने जमलं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथल्या २०१५ च्या अभ्यासात ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. ८५ किलोच्या माणसासाठी म्हणजे साडेआठ किलो. ते एका महिन्यात करायचं नाही. वजन खालीवर हेलकावत राहिलं तर फायदा घटतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. कारण असं, की हृदयाच्या पृष्ठभागावरची चरबी आणि कप्प्याचा स्नायू यांच्यात पडदाच नसतो. चरबीतली दाहक रसायनं थेट स्नायूत झिरपतात. पोट उतरलं की ही चरबीही कमी होते.

दारूचा तर पुरावा हाताशी आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना ती सोडायला सांगितली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना पुन्हा एएफ झालं, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांना. ‘फक्त रविवारी’ हा बचाव इथे चालत नाही, कारण एका बैठकीत जास्त पिणं हेच धडधडीचं जुनं, ओळखीचं कारण आहे.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला मात्र उगाच शिव्या पडतात. तिखटाने एएफ होत नाही. रश्श्यातलं आणि मिसळीवरच्या फरसाणातलं मीठ, पापड-लोणचं, आणि रात्री अकराला पोट तुडुंब भरून आडवं होणं, हे बघा. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे पाच ग्रॅमखाली ठेवा.

घोरणं हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. झोपेत श्वास अडकून प्राणवायू रात्रीत शंभरदा खाली-वर होत असेल तर कप्प्यावर ताण आणि दाह दोन्ही वाढतात. नवरा किंवा बायको ‘मध्येच श्वास थांबतो’ असं सांगत असेल तर झोपेची तपासणी अ‍ॅब्लेशनच्या आधी करून घ्या. आणि दात. हिरोशिमातल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये सांगितलं की अ‍ॅब्लेशननंतर हिरड्यांची सूज नीट उपचारून घेतलेल्यांत एएफ कमी परतलं. हा पुरावा कच्चा आहे, कारण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. पण हिरड्या साफ करून कुणाचं नुकसान होत नाही. दात काढायचा असेल तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.

सीआरपी तपासून ‘माझा दाह किती’ बघत बसण्यात अर्थ नाही. तो आकडा शरीरात कुठेतरी आग आहे एवढंच सांगतो. गळू, हिरडी, डेंग्यू, सगळ्यांनी तो वाढतो. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो.

घरी आल्यावर

पुण्याहून येताना गाडी तासा-दीड तासाने थांबवून पाच मिनिटं चाला. जांघेतली जागा आठवडाभर जपायची: पाण्याची घागर, सिलिंडर उचलणं नको, उकिडवं बसणं नको. काळं-निळं पडणं चालतं. फुगत जाणारी कडक गाठ चालत नाही, ती दिसली तर दाबून धरा आणि दवाखाना गाठा. रंकाळ्याची संथ फेरी आठवड्याने, जोतिबाच्या पायऱ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर.

खोल श्वास घेताना किंवा आडवं पडल्यावर छाती दुखते आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, ही हृदयाच्या आवरणाची सूज. पहिल्या काही दिवसांत ती बऱ्याच जणांना येते. पण दुखण्यासोबत चक्कर, घाम, रक्तदाब खाली, असं असेल तर हृदयाभोवती रक्त साचत असेल, लगेच १०८.

एक गोष्ट दुर्मिळ पण प्राणघातक आहे आणि सूज, पित्त, घशाचा आजार यांच्यात हमखास हरवते. अन्ननलिका डाव्या कप्प्याच्या पाठीला चिकटून जाते. भाजताना तिला इजा झाली तर साधारण दोन महिन्यांपर्यंत कधीही दोघांमध्ये भोक पडू शकतं. ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, आणि मग अचानक लकव्यासारखी लक्षणं. पित्ताची गोळी काही आठवडे लिहून देतात ती या भीतीपोटीच, ती मध्येच सोडू नका. अशा वेळी गावातल्या डॉक्टरांना ‘माझं अ‍ॅब्लेशन झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा आणि पोटात दुर्बीण घालू देऊ नका. दुर्बिणीतली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाते. छातीचा सीटी स्कॅन करायचा असतो.

धडधड झाली तर आधी नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं एएफमध्ये फसवं ठरतं. मग धडधड चालू असतानाच जवळ जो दवाखाना असेल, कागल असो, गडहिंग्लज असो की कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय, तिथे बारा लीडचा ईसीजी काढा. थांबल्यावर काढलेला ईसीजी जवळपास निरुपयोगी. अ‍ॅब्लेशननंतर एएफ म्हणून जे वाटतं ते कधी कधी एका ठरावीक वाटेवर गोल फिरणारी वेगळीच धडधड असते, मिनिटाला १५० वर अडकलेली, आणि तिचा उपचार वेगळा. तो फरक फक्त कागदावर दिसतो. दहा सेकंदांच्या पट्टीवरचे उंच टोकदार ठोके मोजून सहाने गुणलं की मिनिटाचा आकडा मिळतो, तो तुम्हालाही काढता येईल. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो, वर्षभरात पुसट होतो. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि कागदावर पेनने दोन गोष्टी लिहा: आजची तारीख-वेळ, आणि अ‍ॅब्लेशनला किती दिवस झाले.